स्लीपमध्ये टाकलेला संगणक आपोआप जागा होत असेल तर

स्लीपमध्ये टाकलेला संगणक कोणी हात न लावता सुरू होतो, तेव्हा त्याला कशाने तरी उठवलेले असते, आणि कशाने उठवले याची नोंद बहुतेक वेळा त्या संगणकातच सापडते. या तक्रारीने त्रासलेले अनेक जण मात्र ती नोंद न वाचताच दिसेल ती सेटिंग बंद करत सुटतात. त्याने कधी कधी तक्रार मिटतेही, पण मग कीबोर्डची कळ दाबूनही संगणक उठत नाही, रात्रीचा बॅकअप होत नाही, आणि नेमक्या कोणत्या बदलामुळे काय झाले हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून आधी नोंद वाचावी, मग एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहूनच पुढे जावे. पुढील विवेचनाचा मुख्य भर विंडोज 10 आणि 11 यांवर आहे; मॅक आणि लिनक्ससाठी जे वेगळे आहे तेवढेच नंतर दिले आहे.

तक्रार नेमकी कोणती आहे?

‘संगणक झोपत नाही’ या एका वाक्यात तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि त्या तिन्हींची कारणे सहसा वेगळी असतात. पहिल्या प्रकारात संगणक स्लीपमध्ये जातो आणि काही सेकंदांतच परत उठतो. येथे संशय आधी माउस, यूएसबीला जोडलेली उपकरणे आणि नेटवर्क कार्ड यांच्यावर घ्यावा. दुसऱ्या प्रकारात तो काही तास व्यवस्थित झोपतो आणि मग उठतो. उठण्याची वेळ रोज साधारण एकच असेल तर कुठेतरी टायमर लावलेला आहे असे समजावे. तिसऱ्या प्रकारात ठरलेला वेळ उलटून गेला तरी संगणक मुळात झोपायलाच जात नाही. हे तपासणे सोपे आहे. स्टार्ट मेनूतून स्वतः ‘स्लीप’ निवडावे. तसे केल्यावर तो झोपत असेल आणि झोपलेला राहत असेल, तर त्याला कोणी उठवत नाही, एखादा प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर (एखादे उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) त्याला जागे ठेवत आहे. या तिसऱ्या प्रकाराचा मार्ग वेगळा असून तो पुढे आला आहे.

स्लीप म्हणजे संगणक पूर्ण बंद होणे नव्हे, हेही लक्षात असावे. एसीपीआय हे वीज-व्यवस्थापनाचे मानक इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 1996 मध्ये जाहीर केले. त्यातील एस3 या अवस्थेत प्रोसेसर, डिस्क आणि पंखे बंद होतात. रॅममधला मजकूर टिकावा म्हणून रॅमला वीज मिळत राहते आणि त्याबरोबरच नेटवर्क कार्ड, यूएसबी पोर्ट व मदरबोर्डवरचे घड्याळ यांचाही थोडा वीजपुरवठा चालू राहतो. घर झोपले तरी दारावरचे पहारेकरी जागे असावेत तशी ही व्यवस्था आहे. यांपैकी कोणीही इशारा दिला की संगणक उठतो. त्यामुळे आपल्याला शोधायचे आहे ते इतकेच, की इशारा कोणी दिला.

अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एस3 नसतेच. त्याऐवजी ‘मॉडर्न स्टँडबाय’ असते, ज्यात पडदा बंद होतो आणि प्रोसेसर अगदी कमी विजेवर निष्क्रिय राहतो, पण संगणक तांत्रिकदृष्ट्या चालूच असतो आणि अधूनमधून पार्श्वभूमीतली कामे उरकतो. आपल्या संगणकात यांपैकी काय आहे हे पहिल्यांदा पाहून घ्यावे, कारण त्यावर पुढचा सगळा तपास अवलंबून आहे.

नोंद कशी वाचावी

विंडोजमध्ये यासाठी ‘पॉवरसीएफजी’ नावाची आज्ञा आहे. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून टर्मिनल किंवा कमांड प्रॉम्प्ट ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडावे; साध्या पद्धतीने उघडल्यास पुढच्या काही आज्ञा चालत नाहीत. येथे आज्ञा देवनागरीत लिहिल्या असल्या तरी टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या आहेत: ‘पॉवर’ हा इंग्रजी शब्द, त्याला जोडूनच सी, एफ, जी ही तीन अक्षरे, मग एक मोकळी जागा, उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ आणि रेघेला चिकटून पुढचा शब्द.

सुरुवात ‘पॉवरसीएफजी /ए’ या आज्ञेने करावी. संगणकाला स्लीपचे कोणते प्रकार जमतात त्यांची यादी ती देते. यादीत ‘स्टँडबाय एस3’ असे दिसले तर जुनी पद्धत आहे. ‘एस0 लो पॉवर आयडल’ असे दिसले तर मॉडर्न स्टँडबाय आहे.

संगणक आपोआप उठल्याचे लक्षात आले की दुसरे काही करण्यापूर्वी ‘पॉवरसीएफजी /लास्टवेक’ चालवावी. शेवटचे उठणे कशामुळे झाले ते ती सांगते: एखाद्या उपकरणाचे नाव, पॉवर बटण, किंवा टायमर. टायमर असेल तर कोणत्या कामासाठी तो लावला होता त्याचे नावही कित्येकदा सोबत येते. पण ही आज्ञा फक्त शेवटचे उठणे दाखवते, आणि कधी कधी तिच्या उत्तरात काहीच नसते. तेव्हा इव्हेंट व्ह्यूअर हा विंडोजमधील घडामोडींच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम उघडून विंडोज लॉग्जमधील ‘सिस्टम’ या नोंदवहीत जावे आणि ‘पॉवर-ट्रबलशूटर’ या स्रोताच्या, 1 क्रमांकाच्या नोंदी गाळून घ्याव्यात. अशा प्रत्येक नोंदीत संगणक केव्हा झोपला, केव्हा उठला आणि कशाने उठला हे तीन ओळींत दिलेले असते. त्यात एक बारकावा आहे: वेळेच्या शेवटी ‘झेड’ हे अक्षर असेल तर ती जागतिक प्रमाणवेळ समजावी आणि स्थानिक वेळेत बदलूनच वाचावी. तसे न केल्यास मध्यरात्री उठलेला संगणक संध्याकाळी उठला असा चुकीचा निष्कर्ष निघतो आणि पुढचा तपास भलत्याच दिशेने जातो.

अशा चार-पाच नोंदी ओळीने वाचल्या की त्यांतली संगती दिसू लागते. सगळ्या नोंदींत एकच उपकरण आहे का, वेळ ठरावीक आहे का, की झोपल्यापासून काही सेकंदांतच उठणे आहे, यांपैकी एक उत्तर मिळाले तर निम्मे काम झाले. उठवणाऱ्याच्या जागी ‘अननोन’ असे लिहिलेले असले तरी वेळेची संगती उपयोगी पडतेच.

मॉडर्न स्टँडबाय असलेल्या संगणकावर /लास्टवेकपासून फारशी अपेक्षा ठेवू नये. तेथे ‘पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी’ चालवावी. ही आज्ञा ब्राउझरमध्ये उघडता येईल असा एक अहवाल तयार करते आणि तो कोठे ठेवला त्याचा पत्ता पडद्यावर छापते. अहवालात गेल्या तीन दिवसांतील झोपेचे प्रत्येक सत्र, त्यात किती बॅटरी खर्च झाली, आणि संगणकाला सर्वाधिक वेळ कामाला लावणारे प्रोग्रॅम व उपकरणे कोणती, हे दिलेले असते.

उपकरणाने उठवले असेल तर

संगणकाला उठवण्याची परवानगी सध्या कोणकोणत्या उपकरणांना आहे, हे ‘पॉवरसीएफजी /डिव्हाइसक्वेरी’ लिहून, एक जागा सोडून ‘वेक’ आणि ‘आर्म्ड’ हे शब्द खालच्या रेघेने म्हणजे अंडरस्कोअरने जोडून लिहिल्यास कळते. यादी सहसा लहान असते: कीबोर्ड, माउस, नेटवर्क कार्ड आणि एखादे इतर उपकरण.

माउसवर संशय घेणे अनेकांना हास्यास्पद वाटते, पण ऑप्टिकल माउसला टेबलाचा हलका हादरादेखील हालचाल वाटू शकते. जवळून कोणी चालत गेले, ड्रॉवर जोरात लावला, तरी तेवढे पुरते. खात्री करायची असेल तर माउसची वायर किंवा वायरलेस माउसचा रिसीव्हर काढून ठेवावा आणि मगच संगणक कीबोर्डवरून झोपवावा. तो शांत राहिला तर गुन्हेगार सापडला. मग डिव्हाइस मॅनेजर उघडून माउसच्या गुणधर्मांत ‘पॉवर मॅनेजमेंट’ या टॅबवर जावे आणि ‘या उपकरणाला संगणक जागा करू द्या’ या अर्थाच्या ओळीपुढची खूण काढावी. माउसच्या नावाच्या दोन-तीन नोंदी दिसल्या तर गोंधळू नये; काही वायरलेस रिसीव्हर स्वतःची नोंद कीबोर्ड म्हणूनही करतात, तेव्हा तेथेही पाहावे लागते. कीबोर्डची परवानगी मात्र शक्यतो काढू नये. संगणक उठवायला पॉवर बटण असते हे खरे, पण अर्धवट झोपेत ते बटण जास्त वेळ दाबले गेले तर संगणक सरळ बंद होतो आणि न साठवलेले काम जाते.

नोंदीत माउसऐवजी ‘यूएसबी रूट हब’ किंवा ‘होस्ट कंट्रोलर’ असे नाव आले तर इशारा त्या वाटेने आला एवढेच कळते. त्यामागचे उपकरण कोणते ते कळत नाही. येथे चिकाटीला पर्याय नाही. कीबोर्ड आणि माउस सोडून यूएसबीला जोडलेले सर्व काही काढावे, म्हणजे प्रिंटर, कार्ड रीडर, बाहेरची डिस्क, वेबकॅम, गेम कंट्रोलर, जास्तीचा हब. संगणक झोपला आणि झोपून राहिला की एकेक उपकरण परत जोडत प्रत्येक वेळी तपासावे. वेळ जातो, पण हबची परवानगीच काढून टाकण्यापेक्षा हे बरे, कारण हब अडवला की त्यावर जोडलेला कीबोर्डही मुका होतो.

नेटवर्क कार्डाची गोष्ट थोडी खोलात जाऊन समजून घेण्यासारखी आहे. दूरवरून संगणक सुरू करता यावा म्हणून ‘वेक ऑन लॅन’ ही सोय असते. तिच्यासाठी ‘मॅजिक पॅकेट’ नावाचा एक विशिष्ट संदेश पाठवतात. त्यात सुरुवातीला सर्व बिट चालू असलेले 6 बाइट आणि त्यानंतर त्या कार्डाचा 6 बाइटचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख-क्रमांक, सलग 16 वेळा, असा एकूण 102 बाइटचा मजकूर असतो. असा संदेश योगायोगाने येणे जवळजवळ अशक्य आहे. त्रास होतो तो दुसऱ्या सोयीचा, ‘पॅटर्न मॅच’चा. तिच्यात नेटवर्कवरून ठरावीक नमुन्याचे कोणतेही पॅकेट आले तरी कार्ड संगणकाला उठवते, आणि राउटर किंवा घरातील इतर उपकरणे अशी पॅकेट सर्रास पाठवत असतात. म्हणून नेटवर्क कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमध्ये ‘फक्त मॅजिक पॅकेटनेच जागे व्हावे’ या अर्थाची तिसरी खूण करावी, किंवा ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘वेक ऑन पॅटर्न मॅच’ बंद करावे. संगणक दूरवरून सुरू करण्याची गरजच नसेल तर कार्डाची परवानगी पूर्ण काढली तरी चालते. वाय-फाय कार्डासाठीही हेच पाहावे. ड्रायव्हर अद्ययावत झाल्यावर या खुणा कधी कधी पूर्ववत होतात, त्यामुळे मिटलेली तक्रार काही महिन्यांनी परत आली तर पहिल्यांदा येथेच यावे.

टायमरने उठवले असेल तर

‘पॉवरसीएफजी /वेकटायमर्स’ ही आज्ञा या क्षणी लावलेले टायमर दाखवते. सकाळी, म्हणजे टायमर वाजून गेल्यावर, ती चालवून उपयोग नाही; संगणक झोपवण्याच्या अगदी आधी चालवावी. उत्तरात टायमर केव्हा संपणार ती वेळ आणि तो कोणत्या कामाचा आहे त्याचे कारण येते.

सर्वांत जास्त वेळा सापडणारे कारण म्हणजे विंडोजची स्वतःची देखभाल. तिची वेळ मुळात पहाटे 2 वाजताची ठरवलेली असते आणि कंट्रोल पॅनेलमध्ये ‘ऑटोमॅटिक मेंटेनन्स’ येथे ‘देखभालीसाठी संगणक जागा करू द्या’ या अर्थाची खूण असते, ती काढावी. त्याखेरीज अपडेट बसवून संगणक पुन्हा सुरू करण्याची कामे, अँटिव्हायरसची तपासणी आणि बॅकअप ही नेहमीची नावे आहेत. टास्क शेड्युलर या, ठरलेल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्या कामाच्या गुणधर्मांत ‘कंडिशन्स’ टॅबवर ‘हे काम करण्यासाठी संगणक जागा करा’ अशी खूण दिसेल. ती काढताना ‘सेटिंग्ज’ टॅबवर ‘ठरलेली वेळ चुकल्यास शक्य तितक्या लवकर काम सुरू करा’ ही खूण आवर्जून करावी, म्हणजे बॅकअपसारखे आवश्यक काम सकाळी संगणक उघडल्यावर होते.

एकेक काम शोधत बसायचे नसेल तर पॉवर ऑप्शन्समधील प्रगत सेटिंग्जमध्ये ‘स्लीप’खाली ‘अलाऊ वेक टायमर्स’ आहे. ती बॅटरीसाठी आणि चार्जरसाठी वेगवेगळी असते. ‘फक्त महत्त्वाचे टायमर’ हा तिथला पर्याय ऐकायला सोज्वळ आहे, पण अपडेटनंतर संगणक पुन्हा सुरू करणारा टायमर विंडोजच्या लेखी महत्त्वाचाच असतो. रात्री संगणक अजिबात उठू नये असे वाटत असेल तर ‘डिसेबल’ निवडावे.

उठतो आणि मग झोपतच नाही

टायमरने किंवा नेटवर्कने उठलेला संगणक कोणी हात लावला नाही तर पुन्हा झोपणे अपेक्षित असते. त्यासाठीची मुदत विंडोजमध्ये मुळात 2 मिनिटांची असते. तरीही तो सकाळपर्यंत जागाच सापडत असेल तर दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत असे समजावे: एकाने त्याला उठवले आणि दुसऱ्याने झोपू दिले नाही. मुळात झोपायलाच न जाणाऱ्या संगणकाची तक्रारही या दुसऱ्या दोषाचीच.

याचे उत्तर ‘पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स’ देते. ‘डिस्प्ले’, ‘सिस्टम’, ‘अवेमोड’, ‘एक्झिक्यूशन’ अशा शीर्षकांखाली, संगणकाने झोपू नये अशी विनंती केलेल्या प्रोग्रॅमची व ड्रायव्हरची नावे येतात. सगळीकडे ‘नन’ असेल तर विनंती कोणाचीच नाही. ‘सिस्टम’खाली ध्वनीचा ड्रायव्हर दिसला तर कुठेतरी आवाजाचा प्रवाह चालू आहे, बहुधा ब्राउझरच्या विसरलेल्या टॅबमध्ये. ‘एसआरव्हीनेट’ दिसले तर दुसरा कोणी संगणक या संगणकावरची सामायिक फाइल किंवा फोल्डर वापरत आहे. डाउनलोड करणारे प्रोग्रॅम, टोरेंट, मीडिया शेअरिंग हीही इथली नेहमीची मंडळी.

अशी विनंती दुर्लक्षित करायला लावणारी ‘/रिक्वेस्ट्सओव्हरराइड’ नावाची आज्ञाही आहे, पण ती शेवटचा उपाय म्हणूनच वापरावी. फाइल पाठवली जात असताना संगणक मध्येच झोपला तर ती अर्धवट राहते, आणि ही बंदी आपण घातली होती हे नंतर आठवत नाही. त्यापेक्षा तो प्रोग्रॅम बंद करणे किंवा त्याच्या सेटिंगमध्ये ‘झोपू देऊ नका’ या अर्थाची खूण काढणे सरळ आहे.

लॅपटॉपसाठी

मॉडर्न स्टँडबाय असलेला लॅपटॉप झाकण लावून पिशवीत ठेवला आणि काढताना तापलेला व बॅटरी उतरलेला निघाला, तर एकेक उपकरण शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा झाकण लावल्यावर तो हायबरनेट व्हावा अशी योजना करावी, असे माझे मत आहे. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर डिस्कवर लिहून संगणक जवळजवळ पूर्ण बंद होतो. उठायला काही सेकंद जास्त लागतात, पण पिशवीत तो तापत नाही. पर्याय दिसत नसेल तर ‘पॉवरसीएफजी /हायबरनेट ऑन’ चालवावी आणि मग कंट्रोल पॅनेलमध्ये झाकण लावल्यावर काय व्हावे ते निवडावे. काही संगणकांत टायमर हायबरनेटमधूनही उठवू शकतो, त्यामुळे वर सांगितलेले टायमर तरीही बंद करून ठेवावेत.

मॅक आणि लिनक्स

मॅकमध्ये टर्मिनल उघडून ‘पीएमसेट’ ही आज्ञा, एक जागा, ‘-जी’, एक जागा आणि ‘लॉग’ असे टाइप केल्यास झोपण्या-उठण्याची लांबलचक नोंद मिळते; ‘लॉग’ऐवजी ‘असर्शन्स’ लिहिल्यास सध्या कोण जागे ठेवत आहे ते, आणि ‘स्केड’ लिहिल्यास ठरवून ठेवलेले उठणे दिसते. नोंदीत ‘डार्कवेक’ हा शब्द वारंवार दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. पडदा न उजळता थोडा वेळ उठून मेल वगैरे तपासणे हा मॅकचा स्वभाव आहे. तो अगदीच नको असेल तर सिस्टम सेटिंग्जमध्ये बॅटरी किंवा एनर्जी विभागात ‘वेक फॉर नेटवर्क ॲक्सेस’ बंद करावे, आणि जुन्या मॅकमध्ये ‘पॉवर नॅप’ही.

लिनक्समध्ये ‘प्रॉक’ निर्देशिकेतील ‘एसीपीआय’ फोल्डरमध्ये ‘वेकअप’ नावाची फाइल असते. तिच्यात प्रत्येक उपकरणाचे लघुनाम आणि त्यापुढे ‘एनेबल्ड’ किंवा ‘डिसेबल्ड’ असे लिहिलेले असते. रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता म्हणून त्या फाइलमध्ये एखादे लघुनाम लिहिले की त्याची अवस्था उलटते. यूएसबी कंट्रोलरचे लघुनाम बऱ्याचदा ‘एक्सएचसी’ असते. हा बदल संगणक पुन्हा सुरू केल्यावर टिकत नाही. म्हणून आधी हाताने करून पाहावा, आणि उपयोग झाला तरच सिस्टमडी या, लिनक्स सुरू होताना सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेची एक छोटी सेवा लिहून तो सुरुवातीलाच आपोआप होईल असे करावे. झोपू न देणाऱ्यांची यादी ‘सिस्टमडी-इनहिबिट’ आज्ञेला ‘--लिस्ट’ जोडून मिळते.

एवढे करूनही कारण सापडत नसेल तर

आता बायोसकडे, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जकडे वळावे. तेथे ‘वेक ऑन लॅन’, ‘वेक ऑन यूएसबी’, ‘आरटीसी अलार्म’ अशा नावांचे पर्याय असतात. ते एकेक करून बंद करावेत आणि मूळ स्थिती कागदावर लिहून ठेवावी. बायोसमध्ये घड्याळाचा अलार्म लावलेला असेल तर विंडोजमधले सर्व टायमर बंद करूनही संगणक ठरल्या वेळी उठत राहतो.

त्यानंतरही शंका राहिली तर दोष विंडोजमध्ये आहे की यंत्रात, हे वेगळे काढता येते. पेन ड्राइव्हवरून चालणारी लिनक्सची एखादी प्रत घेऊन संगणक तिच्यावर सुरू करावा, काहीही न बसवता तेथूनच स्लीपमध्ये टाकावा आणि विंडोजमध्ये जितक्या वेळात तो उठत असे त्याहून जास्त वेळ वाट पाहावी. तेथे तो शांत झोपला तर विंडोजचे ड्रायव्हर, विशेषतः चिपसेट आणि नेटवर्कचे, उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घेऊन पुन्हा बसवावेत. तेथेही तो आपोआप उठला तर अडकलेले पॉवर बटण, झाकणाचा बिघडलेला सेन्सर किंवा सदोष यूएसबी पोर्ट यांचा संशय घ्यावा, आणि दुरुस्तीला देताना इव्हेंट व्ह्यूअरमधील त्या नोंदींचे फोटो सोबत द्यावेत. दुकानातल्या टेबलावर, कोणतेही उपकरण न जोडता ठेवलेला संगणक ती खोड दाखवेलच असे नाही.